चूळ

शनिवारी जेसीबी येणार हे ठरलं आणि सरजाबाईचं जेवणावरचं मन उडालं. भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा आणि तसाच ताटलीत ठेवून वरच्या पट्टीकडे बघत बसायचं, असं तिचं चार दिवस चाललं होतं.

वरच्या पट्टीत कॉफीची शंभर झाडं होती, खाली ओढ्याकाठच्या काळीत आणखी वीस. किनवटच्या जंगलपट्टीतल्या त्या वस्तीत कॉफी लावणारं हे पहिलंच घर, आणि आता उपटणारंही तेच पहिलं ठरणार होतं. पाच वर्षांपूर्वी शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतल्या बालाजीनं दीडशे रोपं आणून दिली, तेव्हा कॉफी म्हणजे नेमकं काय हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. सरजाबाईचा नवरा ज्ञानोबा याला वाटलं, चहासारखा पाला असेल. मुलगा संघपाल किनवटला आश्रमशाळेत कामाठी, त्यानं मोबाइलवर बघून सांगितलं की पाला नाही, फळाच्या आतली बी. सरजाबाईनं काहीच विचारलं नाही. रोपं पिशव्यांत माना टाकून उभी होती, ती तिनं लावून टाकली. तीस वाळली. उरलेली तिनं पाच उन्हाळे डोक्यावर घागरी वाहून जगवली. तिची मान आता उजवीकडे पुरती वळत नाही ती त्याच घागरींपायी, असं संघपाल म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

यंदा पावसानं लवकर पाठ फिरवली. संक्रांतीलाच वावरातल्या विहिरीचा तळ दिसायला लागला. हळद निघाली तेव्हा घरात बोलणं सुरू झालं.

“माय, झाडं पानी पितेत आन् देतेत काय?” संघपाल म्हणाला. “दोन पोती बिया. किनवटच्या बाजारात कुनी हुंगून बी बगत न्हाई. तिथं तूर पेरली तर निदान वरन तरी खाऊ.”

“तूर खालच्या वावरात पेर की.”

“खाली पुन्ना हळदच लावायची हाय. अन् वरच्या मुरमाडात तूर लई चांगली येते, तूच म्हनतीस.”

ते खरं होतं. वरच्या पट्टीतली तूर शिजायला वेळ खाते पण चवीला अशी लागते की नुसत्या मिठावर ताट पुसून जावं, आणि खाली ओढ्याकाठच्या काळीतली तूर लवकर शिजते, पण पाण्यासारखी. हे सरजाबाईनंच सगळ्यांना सांगितलेलं होतं. संघपालनं जेसीबीवाल्या बजरंगला सांगून टाकलं. बजरंगचं शनिवारी शेजारच्या वावरात काम होतंच.

तेवढ्यात बालाजीचा निरोप आला. कॉफीची चव बघणारा माणूस गुरुवारी येतोय. त्यानं चांगली म्हटली तर संस्था माल दरवर्षी दारातून उचलणार, शिवाय वरच्या पट्टीपर्यंत पाइप टाकून देणार.

“मंग ठरलं,” सरजाबाई म्हणाली. “तो चांगली म्हनला तर बजरंगला न्हाई म्हन. वाईट म्हनला तर जेसीबी कशाला, मी सोता कुदळ घेते.”

“पक्कं?”

“पक्कं.”

ज्ञानोबा तंबाखू मळत ऐकत होता. “चव बगायला इतक्या लांबून मानूस येतो म्हंजे त्याच्या घरी सैपाक बरा होत नसंल,” तो म्हणाला. सून विशाखा पदराआड हसली, पण सरजाबाईला हसू आलं नाही.

बुधवारी ती दिवसभर दुसऱ्याच्या हळदीवर होती. वाफेच्या पिंपात हळद शिजायची, ती तापलेली बाहेर ओढायची, ताडपत्रीवर पसरायची. संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत हात पिवळे आणि छातीत वाफ. घरी येऊन तिनं हात राखेनं घासले, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. कॉफीला दुसरा कसलाच वास लागता कामा नये, हे बालाजीनं बजावलं होतं. खरं तर नमुन्याच्या बिया बालाजीनं आठ दिवसांपूर्वीच नेल्या होत्या. खालच्या काळीतल्या वीस झाडांच्या वेगळ्या आणि वरच्या मुरमाडातल्या शंभर झाडांच्या वेगळ्या. त्या कधीच भाजूनही झाल्या असतील. तरी तिनं चौथ्यांदा हात धुतले, नाकाशी नेले आणि पुन्हा हळदीचाच वास आला म्हणून ती स्वतःवर चिडली.

गुरुवारी ऊन तापायच्या आत जीप आली. बालाजीनं “जय भीम, माय” म्हणत वाकून दारातून डोकं आत घातलं. त्याच्या मागे एक पस्तिशीचा किडकिडीत माणूस होता. कपाळावर विभूतीचे फिकट पट्टे, पायांत धुळीनं माखलेले बूट. बूट त्यानं उंबऱ्याबाहेर काढून नीट जोडीनं ठेवले. हे सरजाबाईनं बघितलं आणि तिला बरं वाटलं.

“हे सोमेश साहेब,” बालाजी म्हणाला. “उदगीरचे. आता चिकमगळूरला असतेत, कॉफीच्या मळ्यांकडं.”

“उदगीरला कुनाचे?” ज्ञानोबानं विचारलं.

“वीरण्णांचा मुलगा. आमचं किराणा दुकान आहे चौकात,” सोमेश म्हणाला. “आई इकडचीच, चाकूरची.”

ज्ञानोबानं मान हलवली. लिंगायत व्यापाऱ्याचं घर, एवढं त्याला कळलं, आणि आपल्याला कळलं हे सोमेशलाही कळलं असणार, असं सरजाबाईला वाटलं.

विशाखानं चहा आणला. दूध खास मागवलेलं, वेलची घातलेली, काचेचे नवे पेले.

“चहा नको वहिनी, आत्ता नको,” सोमेश म्हणाला. “चव बघायच्या आधी मी काही घेत नाही. जीभ कोरी लागते.”

बालाजीनं घेतला, ड्रायव्हरनं घेतला. सोमेशचा पेला ताटात तसाच राहिला आणि विशाखा तो तसाच आत घेऊन गेली.

सरजाबाई तिच्या पाठोपाठ चुलीपाशी जाऊन उभी राहिली. तिला उगाच मिरच्या निवडायच्या कामावरचे दिवस आठवले. किनवटला एका व्यापाऱ्याच्या गोदामात ती बारा वर्षं बायकांबरोबर जात होती. दुपारी भाकरी सोडली की ती आपलं लोणचं पुढे करी. कुणी म्हणे पित्त उठतं, कुणी म्हणे आज सोमवार, कुणाचा दात ठणकत असे. बारा वर्षांत उघड कुणी काही बोललं नाही, उलट सगळ्या गोडच बोलत. पण तिच्या लोणच्याचा डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी येई. आणि त्यातल्या शिवगंगाला तर खरंच पित्त होतं. ती ओकत असताना सरजाबाईनं स्वतः तिची पाठ धरली होती. म्हणून तर काही कळायचं नाही. सगळ्याच खोटं बोलत असत्या तर बरं झालं असतं, असं तिला कधी कधी वाटायचं.

बाहेर सोमेशनं जीपमधून सामान काढलं. पांढऱ्या वाट्या, लांब दांड्याचे चमचे, हातानं फिरवायची चक्की, गॅसची छोटी शेगडी. शेवटी पाण्याचा निळा जार.

“पानी हाय की घरात,” सरजाबाई म्हणाली. “सकाळीच हापसून भरलंय. घागर घासून.”

“असू द्या मावशी. मी माझं आणतो. सगळीकडे एकच पाणी वापरावं लागतं.”

त्यांच्या वस्तीच्या हापशाचं पाणी मचूळ होतं. ओढ्यापलीकडे गावची विहीर गोड. तिथं आता कुणी अडवत नाही, पण ओढा ओलांडून, चढ चढून घागर आणायची कुणी, म्हणून सगळी वस्ती हापशावरच जगायची. त्यात वरण शिजायला दुप्पट लाकडं लागत. सरजाबाईनं जारकडे बघितलं आणि आत जाऊन भरल्या घागरीवर झाकण ठेवलं.

ओसरीवर सोमेशनं नऊ वाट्या मांडल्या. तीन खालच्या काळीतल्या, तीन वरच्या मुरमाडातल्या आणि तीन चिकमगळूरच्या, ताडून बघायला. चक्की फिरवली तसा वास सुटला. पाच वर्षं जी झाडं तिनं लेकरांसारखी वाढवली, त्यांचा हा वास सरजाबाईला ओळखू आला नाही. तिला ठाऊक होता तो फुलांचा वास, लाल फळाच्या गोड सालीचा वास, वाळत घातलेल्या बियांचा आंबूस वास. हा कुठल्या तरी परक्या घरचा होता.

“एखादं रिकामं भांडं मिळेल का?” सोमेश म्हणाला. “थुंकायला.”

मग ज्ञानोबा उठला, आत आला, आणि फळीवरचं मातीचं गाडगं काढायला लागला.

“ते कशाला? डबा देते एखादा,” सरजाबाई हळू आवाजात म्हणाली.

“दर चौदा एप्रिलला भाषनात ऐकतो,” ज्ञानोबा तितक्याच हळू म्हणाला, “आपल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात थुकायला गाडगं बांदत होते. आज पहिल्यांदा कुनीतरी सोता मागून घेऊन राहिलंय. डबा कामून द्यायचा?”

विशाखानं तोंडात पदर कोंबला. ज्ञानोबा गाडगं दोन्ही हातांनी धरून बाहेर गेला आणि पाहुण्याला दूध द्यावं तसं त्यानं ते सोमेशपुढे ठेवलं. सोमेश “थँक्यू काका” म्हणाला.

वाट्यांत उकळतं पाणी पडलं. वर काळी साय धरली. सोमेश घड्याळाकडे बघत बसला, मग एकेका वाटीवर वाकून त्यानं चमच्यानं ती साय मोडली आणि नाक पार आत घालून वास घेतला. विशाखाला गंमत वाटत होती. संघपाल रजा टाकून आला होता, तो दाराला टेकून उभा होता, निकाल लागायची वाट बघत.

मग सोमेशनं पहिल्या वाटीतून चमचाभर उचललं आणि असा भुरका मारला की अंगणातली कोंबडी दचकली. तोंडात घोळवलं. डोळे मिटले. आणि गाडग्यात थुंकला.

दुसरी वाटी. भुरका, घोळवणं, थुंकणं. तिसरी. चौथी. मध्येच तो वहीत काही लिहायचा, पुन्हा मागच्या वाटीवर यायचा, पुन्हा थुंकायचा. गाडग्यात पिचपिच आवाज व्हायला लागला. सरजाबाई चौकटीत उभी होती. तिला ठाऊक होतं की ही चव बघायची रीत असणार, बालाजीनं तसं काहीतरी सांगितलंही होतं. पण तिच्या घरच्या ओसरीवर, तिनं घागरी वाहून पिकवलेलं, एक माणूस तोंडात घेत होता आणि थुंकत होता, तोंडात घेत होता आणि थुंकत होता. तिच्या कानशिलाशी काहीतरी तापायला लागलं. चिकमगळूरच्या वाट्याही तो थुंकला, हे तिनं मोजून बघितलं. तीन वेळा थुंकला. मग वरच्या पट्टीच्या वाटीवर परत गेला आणि ती पाच वेळा थुंकला. आता याचा अर्थ काय लावायचा, ते तिला कळेना.

“गेलं,” संघपाल हळूच म्हणाला. “बजरंगला येऊ द्यावंच लागंल.”

सोमेशनं मान वर केली. कपाळावर आठ्या होत्या.

“ही वरची,” तो म्हणाला. “हिच्यात काहीतरी आहे. आंबट आहे...”

“आंबट?” सरजाबाई चौकट सोडून पुढे आली. “नासली काय?”

“नाही नाही. चांगलं आंबट. फळाचं असतं ना तसं. आणि मागून तुरट गोड. पण कुठलं फळ ते मला सापडत नाही. संत्रं नाही, चिंच नाही. बोरही नाही.” त्यानं वाटी उचलून तिच्यापुढे धरली. “तुम्ही बघा बरं मावशी. नुसता वास घ्या.”

सरजाबाईनं आधी हात पदराला पुसले. वाटी घेतली. वाकून वास घेतला. आधी नुसता धूर आला, जळकट. मग तो विरला आणि मागून वैशाखातली दुपार आली, रानात पायाखाली चिरडलेलं पिवळं फळ, बोटांना चिकटणारं.

“टेंभुरनं,” ती म्हणाली.

“काय?”

“टेंभुरनं वो. विडीच्या पानाचं झाड असतं न्हाई का, त्याचं फळ. वरच्या पट्टीला त्याचीच सावली हाय. तेरा झाडं हायत, मी तोडू दिली न्हाईत.”

सोमेशनं नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं. लिहिताना तो एखाद्या शाळकरी पोरासारखा ओठ हलवत होता, आणि सरजाबाईला तो एकदम आवडून गेला.

“पन सावलीची चव फळात कशी उतरंल?” ज्ञानोबानं विचारलं. “मुळं तर येगळी हायत.”

“तशी उतरत नाही काका. नक्की कसं होतं ते कुणाला सांगता येत नाही. मुरमात पाणी थांबत नाही, सावलीत फळ हळू पिकतं, रात्री वर गार असतं. खालची वीस झाडं काळीत आहेत, ती सपक आहेत. रोपं तीच, हात तेच, दोनशे पावलांचं अंतर.”

“तुरीचं बी तसंच हाय,” सरजाबाई म्हणाली.

“असणारच. वरची कॉफी माझ्या चिकमगळूरच्या वाटीच्या बरोबरीनं बसेल, आणि मी हे उगाच बोलत नाही. वरचं एकही झाड काढू नका.”

संघपाल दारातून सरळ उभा राहिला. बालाजीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. सोमेशनं उरलेल्या कॉफीतली थोडी थोडी सगळ्यांना दिली. ज्ञानोबानं घोट घेतला आणि तोंड असं केलं की विशाखा मोठ्यानं हसली. “काढा हाय,” तो म्हणाला. “याच्यासाठी लोक जीव टाकतेत?” विशाखानं साखर मागितली. सरजाबाईनं आपली वाटी हातात तशीच धरून ठेवली होती.

जिंकली होती ती. ज्याच्यासाठी चार दिवस घास उतरत नव्हता ते झालं होतं. तरी तिला बसवेना.

“साहेब, एक इचारू?”

“विचारा की.”

“इतकी चांगली हाय, तर थुकलात कामून?”

बालाजी घाईनं म्हणाला, “माय, तसं असतं त्या कामात...” पण सोमेशनं त्याला थांबवलं.

“दिवसाला चाळीस-पन्नास वाट्या होतात मावशी. गिळायला लागलो तर छाती धडधडते, झोप उडते. माझ्या गुरूला त्यानं अल्सर झाला. म्हणून कुणीच गिळत नाही.”

“अन् पानी?”

“पाण्याला चव असते. प्रत्येक गावचं पाणी वेगळं धरलं तर चव पाण्याची की बियांची, कळणार कसं?”

“अन् चहा तर जिभेपायी,” ती स्वतःच म्हणाली.

“हो.”

तिन्ही कारणं बरोबर होती. एकातही खोट काढायला जागा नव्हती, आणि तो डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. सरजाबाईनं मान हलवली. विशाखा गाडगं उचलायला वाकली, तेवढ्यात सोमेशनंच ते उचललं, बाहेर जाऊन लिंबाच्या बुडात ओतलं आणि हापशावर स्वतः खळखळून धुऊन आणलं. तेही सरजाबाईनं बघितलं. माणूस चांगला होता. तिच्या मनात काय चाललंय याची तिला लाज वाटली, आणि तरी ते चाललंच होतं.

ती आत गेली. हापशाचं पाणी चुलीवर चढवलं, सोमेशनं दळून ठेवलेल्या वरच्या पट्टीच्या भुकटीतली दोन चमचे त्यात टाकली, पदरानं गाळली. काचेच्या नव्या पेल्यात ओतली. काठोकाठ भरली, ताटलीत थोडी सांडली.

“तुमचं काम झालं ना आता?” ती ओसरीवर येऊन म्हणाली. “मंग ही घ्या. आमच्या पान्याची. ही प्यायची.”

“माय, साहेबाला अजून पुढच्या वाडीत दोन घरं बगायची हायत,” बालाजी म्हणाला. “तोंडाची चव बिगडते त्यांच्या.”

“गप ग माय,” संघपाल पुटपुटला. “झालं ना चांगलं सगळं.”

सोमेशनं पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला काही कळलं की नाही ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यानं पेला घेतला. सरजाबाई त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. कंठ एकदा वर गेला, खाली आला. पुन्हा. पुन्हा. पेला रिकामा झाला.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “पाण्यानं मारली हिला. खारट लागते. टेंभुरणं गेलं त्यातलं.”

“आमाला तर सगळंच तसं लागतं साहेब,” ज्ञानोबा म्हणाला. “आमी त्याच पान्यावर वाढलो.”

सगळे हसले. सोमेशही हसला, आणि सरजाबाईच्या कानशिलातलं तापलेलं हळूहळू निवलं. जेवायला थांबा म्हटलं तर त्यानं भाकरी बांधून मागितली, पुढची घरं झाली की खातो म्हणाला. विशाखानं दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला. बूट घालताना त्यानं सरजाबाईला वाकून नमस्कार केला. पुढच्या हंगामाआधी पाइप नक्की, असं बालाजीनं दोनदा सांगितलं आणि जीप सुटली.

घरात मोबाइलला रेंज नसायची. ती वरच्या पट्टीतल्या खडकावरच मिळे. संघपाल लगेच वर निघाला, बजरंगला सांगायला. सरजाबाईही त्याच्या मागोमाग चढली. दम लागला तरी थांबली नाही. पट्टीत पोचल्यावर ती झाडांमधून फिरली. एकाची फांदी वर धरली, दुसऱ्याच्या बुडातला पाला सारखा केला. पाइप येईल. मान मोडणार नाही. ही उभी राहतील. हे ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती, कारण ते अजून खरं वाटत नव्हतं.

खडकावर संघपाल रस्त्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. “हाव बजरंग, संघपाल... आरं ऐक तर...”

वरून खालचा रस्ता दिसे, उताराच्या पहिल्या वळणापर्यंत. वस्तीला वळसा घालून, खड्डे चुकवत जीप आत्ता तिथं पोचली आणि थांबली. सरजाबाईला वाटलं काहीतरी विसरलं. सोमेश उतरला. त्यानं मागचं दार उघडलं, निळ्या जारमधून पाणी काढून घेतलं, रस्त्याच्या कडेला जाऊन वाकला आणि चूळ भरली. गुळगुळ करून टाकली. दुसरी भरली. तिसरी भरली, ती बराच वेळ तोंडात फिरवली, आणि टाकली. मग रुमालानं तोंड पुसून जीपमध्ये बसला. भाकरीचं फडकं कुठं होतं ते तिथून दिसत नव्हतं.

त्याला अजून दोन घरची कॉफी चाखायची होती. जीभ कोरी लागते, हे त्यानं आल्या आल्याच सांगितलं होतं. खारट पाण्याची चव तोंडात घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणं म्हणजे त्या घरच्या झाडांवर अन्याय. हे सगळं सरजाबाईला आपलं आपण कळत होतं, कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि तरी तिचा हात छातीशी गेला आणि तिथंच राहिला. आडवाटेनं धावत गेली असती तर पुढच्या वळणावर तिनं जीप गाठली असती. विचारलं असतं. त्यानं न रागावता कारण सांगितलं असतं, आणि तेही बरोबरच असतं.

“माय,” संघपालनं फोनवर हात ठेवून विचारलं. “बजरंग म्हनतो पक्कं नगं ना? मंग तो शनिवार दुसऱ्याला देऊन राहिलाय.”

जीप चालू झाली होती.

“माय, तुला इचारून राहिलो. येऊ दे का नगं?”

“नगं म्हन.”

“नगं रे बजरंग. हाव, पक्कं.” त्यानं फोन खिशात टाकला आणि आईजवळ आला. उन्हानं आणि आनंदानं त्याचा चेहरा तांबडा झाला होता. “मी हरलो बग. तुजंच खरं झालं.” मग त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. “असं तोंड कामून केलंस? जिंकलीस ना तू?”

“हाव,” सरजाबाई म्हणाली. “जिंकले.”

जीप वळणाआड गेली तरी ती तिकडेच बघत होती.